जुन्या गोव्यात नदीकडून शिरा

वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत जुन्या गोव्याच्या सहलीविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

*प्रश्न : मला इतिहासाची आवड आहे, घरच्यांना तेवढी नाही. मी, पत्नी, दहा आणि चौदा वर्षांची दोन मुले आणि सत्तरीची आई असे एका दिवसात जुने गोवे नीट कसे पाहू? मागच्या वेळी बॉम जेझुसची बाजिलिका आणि से कॅथेड्रल पाहून दोन तासांत परतलो. हाती फारसे काही लागले नाही.*
*— एक वाचक, डिचोली*

असे पुष्कळांचे होते, आणि कारण साधे आहे. गाडी गांधी सर्कलच्या आसपास लागते, समोर बाजिलिका दिसते, पावले तिकडे वळतात. पण हे शहर मांडवीकडे तोंड करून वसलेले होते. आपण महामार्गाने येऊन त्याच्या पाठीकडून शिरतो, म्हणून इमारती दिसतात पण शहर दिसत नाही. तेव्हा पहिले काम हे करा : गाडी थेट फेरीबोटीच्या धक्क्याकडे न्या आणि तिथून चालायला लागा. सकाळी साडेआठपर्यंत पोहोचलात तर ऊन चढायच्या आत निम्मे काम होईल.

धक्क्याकडून वर येताना लागते ती व्हाइसरॉयची, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या प्रतिनिधीची, कमान. १५९७ मध्ये व्हाइसरॉय होऊन आलेल्या फ्रान्सिस्को द गामाने ती उभारली. हा वास्को द गामाचा पणतू. नदीच्या बाजूला वर वास्कोचा पुतळा आहे आणि गामा घराण्याचे हरणाचे चिन्हही कोरलेले आहे. ते मुलांना शोधू द्या. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरून याच कमानीतून शहरात प्रवेश करी. आज दिसते ते बांधकाम मात्र १९५४ मध्ये पुन्हा रचलेले आहे. कमानीखालचा रस्ता म्हणजे त्या काळचा सरळ राजरस्ता, रुआ दिरेइता. दोन्ही बाजूंना दुकाने आणि घरे होती. आता माड आणि झुडपे आहेत. तिथे दोन मिनिटे थांबा. पुढे जे दिसणार आहे ते या नाहीशा झालेल्या शहराच्या मोजक्या खुणा आहेत, हे मुलांना तिथेच सांगितले तर दिवसभर उपयोगी पडते.

थोडे पुढे डाव्या हाताला सेंट काजेतानची इगर्जी, म्हणजे चर्च. इटालियन थिएटिन पंथीयांनी सतराव्या शतकात रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेली, घुमटाखाली विहीर असलेली. आत जाण्याआधी आवारातली काळ्या दगडाची एकटी उभी चौकट पाहा. पायऱ्या, दोन बाजूंना जाळीदार दगडी झडपा, वर आडवी तुळई. ही आदिलशाही वाड्याची वेस. १५१० नंतर तोच वाडा पोर्तुगीज गव्हर्नरांचा झाला आणि पुढे तो पाडून त्याचे दगडही नेले. सहलीच्या गाड्या इथे थांबत नाहीत. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही चौकट सर्वांत मोलाची, कारण पोर्तुगीजपूर्व गोव्याची इतकी ठळक खूण या परिसरात दुसरी उभी नाही. दगडकाम देवळाच्या वळणाचे आहे, हेही लक्षात येईल.

तिथून से कॅथेड्रल. काम १५६२ ला सुरू झाले, मुख्य इमारत १६१९ ला आणि वेद्या १६५२ ला पुऱ्या झाल्या. ती संत कॅथरिनला वाहिलेली आहे, कारण पोर्तुगीज सेनानी आल्फोन्सो दे आल्बुकेर्कने गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचे घेतले तो दिवस, २५ नोव्हेंबर १५१०, तिच्या सणाचा होता. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. 'एका बाजूचा मनोरा कुठे गेला?' हा प्रश्न मुलांना बाहेरच विचारा.

त्याच आवारात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीची इगर्जी. इमारत १६६१ ची, पण दाराची काळ्या दगडाची नक्षीदार महिरप आधीच्या, १५२१ च्या सुमाराच्या इगर्जीची जपून ठेवलेली. आत गेल्यावर आधी खाली पाहा. सगळी जमीन थडग्यांच्या शिळांची आहे, प्रत्येकीवर घराण्याचे चिन्ह आणि मजकूर. मुलांना इथे सहज अर्धा तास रमवता येतो.

शेजारच्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असते. शुक्रवारी गेलात तर निम्मी सहल वाया गेली असे समजा. वर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची चित्रे ओळीने लावलेली आहेत. खाली कदंबकालीन, म्हणजे पोर्तुगीजांच्या आधीच्या राजवटीतले, वीरगळ आहेत. त्यांतला आरमारी लढाई कोरलेला वीरगळ चुकवू नका. वल्हेकरी आणि लढणारे लोक एकाच नावेत दिसतात. गोव्याचे दर्यावर्दीपण पोर्तुगीजांबरोबर आले नाही, हे सांगायला तो एक दगड पुरे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. मागच्या बाजूला संत कॅथरिनचे छोटे चॅपेल आहे, १५१० चे मूळ आणि १५५० ला नव्याने बांधलेले. घाई असली तरी पाच मिनिटे द्या.

इतके होईपर्यंत बारा वाजतात. मग रस्ता ओलांडून बाजिलिका. तिच्याविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर आहे. एकनंतर जेवण आणि आईंना विश्रांती. बारा ते साडेतीन टेकडीवर जाण्याची चूक बरेच जण करतात. तिथे सावली नाही आणि लहान-थोर सगळेच वैतागतात.

साडेतीन-चारला टेकडी, तीसुद्धा गाडीने. बाजिलिकेच्या पश्चिमेला चढणारा रस्ता थेट सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांपर्यंत जातो. इगर्जी १५९७ ते १६०२ दरम्यान बांधली. १८३५ मध्ये धार्मिक पंथांना पोर्तुगीज मुलखातून घालवल्यावर ओस पडली. १८४२ ला छप्पर कोसळले, १९३१ ला दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा भाग. आज उरलेला जांभ्या चिऱ्यांचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच आहे. चार मजली इमारतीचा पोटातला भाग उघडा पडावा तसा तो दिसतो, त्यामुळे जुन्या इगर्जीचे बांधकाम समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही : आत चिरा, वर चुन्याचा गिलावा, कुठे कुठे अजून टिकलेल्या रंगीत टाइल्स.

इथलीच एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. जॉर्जियाची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने धर्म बदलत नाही म्हणून १६२४ मध्ये शिराझला ठार केले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष इथे आणून पुरले. जुन्या नोंदींच्या आधारे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, हाड सापडले, हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने त्याची डीएनए तपासणी केली आणि २०२१ मध्ये ते अवशेष जॉर्जियाला सन्मानाने दिले गेले. चौदा वर्षांच्या मुलाला कागद, कुदळ आणि प्रयोगशाळा ही तिन्ही इतिहासाची हत्यारे एका जागी दाखवता येतात.

शेवटी थोडे पुढे, टेकडीच्या टोकाला रोझरीची इगर्जी. सोळाव्या शतकाच्या मध्याची आणि अजून उभ्या असलेल्यांत सर्वांत जुन्यांपैकी एक. गोल बुरुजांमुळे ती किल्ल्यासारखी दिसते. आत गव्हर्नर गार्सिया दे सा याच्या पत्नीचे, दोना कातारिनाचे थडगे आहे, त्यावरची नक्षी गुजराती वळणाची. दार बंद असले तरी हिरमुसू नका. याच उंचवट्यावरून आल्बुकेर्कने १५१० ची लढाई पाहिली असे तिथल्या शिलालेखात म्हटले आहे. खाली मांडवी, समोर दिवाडी बेट. आदिलशहाच्या ताब्यातले शहर आणि चालून येणारी गलबते कुठे असतील ते इथून बोटाने दाखवता येते. सकाळी पाहिलेली काळी चौकट आणि ही टेकडी मनात जोडली गेली की दिवस सार्थकी लागला.

*प्रश्न : बाजिलिका तांबडी आणि बाकीच्या इगर्ज्या पांढऱ्या, असे का? आणि आत नेमके काय पाहावे? गर्दीत पुढे ढकलले जातो.*
*— एक वाचिका, फोंडा*

बाजिलिकाही पांढरीच होती. जांभ्या चिऱ्याला सच्छिद्रपणा फार. आपला पाऊस त्यात मुरतो आणि दगड हळूहळू झिजतो. म्हणून शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा देत आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर सफेदी करत. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या स्मारक-दुरुस्तीत बाहेरचा गिलावा काढून टाकला, जुनेपण उठून दिसावे म्हणून. तेव्हापासून चिरा उघडा आहे आणि त्याची झीज हा जाणकारांच्या काळजीचा विषय आहे. तांबडा रंग सुंदर दिसतो खरा, पण बांधणाऱ्यांना तो अभिप्रेत नव्हता. भिंतीला हात लावू नका, मुलांना खरवडू देऊ नका. बोटाखाली भुगा येतो. दर्शनी बाजूचे कोरीव खांब आणि पट्ट्या मात्र काळ्या बसाल्टच्या आहेत. तो दगड वसईकडून आणवला. चारशे वर्षांत चिरा किती झिजला आणि बसाल्ट किती, हे शेजारी-शेजारी ताडून पाहता येते.

काम २४ नोव्हेंबर १५९४ ला सुरू झाले आणि १५ मे १६०५ ला अभिषेक झाला. ही जेझुइट पंथाची इगर्जी, म्हणून दर्शनी भागावर वर आयएचएस ही येशूच्या नावाची अक्षरे आहेत. आत उजव्या अंगाच्या चॅपेलमध्ये संत फ्रान्सिस झेवियर, आपल्याकडचे गोंयचो सायब. मृत्यू ३ डिसेंबर १५५२, चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर. शव १५५४ मध्ये गोव्यात आले. उजवा हात १६१४ मध्ये रोमला नेला, तो आजही तिथे आहे.

गर्दी वरच्या चांदीच्या पेटीकडे पाहत पुढे सरकते. तुम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहा. पेटी गोव्यातल्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली, तिच्या पत्र्यांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. खालचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सच्या जोवान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराचा, तोस्कानीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठवलेला आणि १६९८ मध्ये इथे बसवलेला. गोव्याची चांदी आणि इटलीचा संगमरवर एकमेकांवर रचलेले आहेत. लहान दुर्बीण असेल तर जरूर न्या, नाहीतर चांदीवरचे काम खालून कळत नाही.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. पिशवीत एखादी ओढणी किंवा उपरणे ठेवा. रविवारी सकाळी मिस्सा असतात, तेव्हा पाहुण्यांसारखे फिरता येत नाही. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, आणि ३ डिसेंबरला फेस्त. फेस्ताची जत्रा, खाजे आणि गर्दी पाहायची तर तेव्हा जा. इतिहास निवांत पाहायचा तर ते दहा दिवस टाळा. गाड्या लांब अडवतात आणि वयस्कर माणसांना तेवढे चालवणार नाही. दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात होऊन गेले.

*प्रश्न : छत्रपती संभाजी महाराजांच्या गोव्यावरील स्वारीशी संबंधित काही जुन्या गोव्याजवळ पाहता येईल का?*
*— एक वाचक, साखळी*

येईल, आणि शाळेच्या मुलांना तर दाखवावेच. नोव्हेंबर १६८३ मध्ये महाराजांच्या फौजेने रात्री ओहोटीच्या वेळी उतरून जुवे बेटावरचा किल्ला घेतला. हे बेट राजधानीपासून हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय कोंद दे आल्व्होर सैन्य घेऊन ते परत घ्यायला गेला आणि मार खाऊन, जखमी होऊन परतला. शहर पडते की काय अशी वेळ आली तेव्हा त्याने बाजिलिकेत जाऊन झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड तिथे ठेवला. पुढे शाह आलमची मोगल फौज कोकणात उतरल्याने मराठ्यांना मागे फिरावे लागले. म्हणजे बाजिलिका हे मराठ्यांच्या इतिहासाचेही स्थळ आहे. जुवे बेटावर आता पुलाने गाडी जाते आणि किल्ल्याचे अवशेष पाहता येतात. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ असते, तेव्हा तटावर चढू नका.

दुसरा दिवस हाताशी असेल तर श्रीसप्तकोटेश्वर जोडा. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेट. माणसांना भाडे नाही, चारचाकीला आहे. कदंबांच्या या कुलदैवताचे मूळ देऊळ बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव पलीकडे, डिचोली महालातल्या नार्वेला नेला. बेटावर पिएदादच्या टेकडीवरील इगर्जीजवळच्या स्मशानाच्या चॅपेलमध्ये कदंबकालीन देवळाचे कोरीव छत टिकून आहे. ते पाहून बेट ओलांडा आणि दुसऱ्या फेरीबोटीने नार्वेला उतरा. तिथल्या देवळाचे काम छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुरू झाले. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी अशी तिथी आहे, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. शिलालेख मुलांना स्वतः वाचू द्या. अक्षरे देवनागरी आहेत, थोडे थांबले की लागतात.

फेरीबोटीच्या फेऱ्या भरती-ओहोटी आणि गर्दीप्रमाणे मागेपुढे होतात. परतीसाठी अंधार पडण्याआधीची फेरी धरा.

*प्रश्न : 'गोवा वेल्हा' असा फलक पणजी-मडगाव रस्त्यावर दिसला. तेच जुने गोवे का? पाहुणे तिकडे जाऊन बसले होते.*
*— एक वाचक, म्हापसा*

नाही. हा घोळ नेहमीचा आहे. जुने गोवे, म्हणजे मूळचे एला गाव, मांडवीच्या काठी. गोवा वेल्हा, आपल्या बोलीत व्हडलें गोंय, जुवारीच्या बाजूला आगशीजवळ. कदंबांची राजधानी गोपकपट्टण तिथली. बंदर गाळाने भरत गेले आणि वस्ती मांडवीकडे सरकली. तिथे पाहायला मोठ्या इमारती नाहीत, पण पिलारच्या टेकडीवरच्या सेमिनरीच्या संग्रहालयात कदंबकालीन वस्तू आहेत. इतिहासाच्या आवडीने फिरणाऱ्याने तिथे अर्धा दिवस अवश्य द्यावा. पाहुण्यांना पत्ता सांगताना 'बाजिलिका' किंवा 'गांधी सर्कल' सांगा. रेल्वेने येणाऱ्यांना जवळचे स्थानक करमळी; पणजीहून जुने गोवे बसने साधारण दहा किलोमीटर.

*प्रश्न : 'हातकातरो खांब' इन्क्विझिशनचा आहे असे म्हणतात. खरे काय?*
*— एक विद्यार्थिनी, पेडणे*

जुन्या बाजारपेठेच्या भागात, रहदारीच्या रस्त्यालगत हा काळ्या दगडाचा खांब आहे. पोर्तुगीज शहरांत पेलोरीन्यु नावाचा खांब चौकात असे. तो नगरसत्तेची खूण होता आणि गुन्हेगारांना तिथे बांधून चाबकाचे फटके देत. हा खांब त्या प्रकारचा आहे. इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांवर खटले चालवणारे, न्यायालय वेगळे होते : १५६० ते १८१२, मध्ये १७७४ ते १७७८ एवढा खंड. त्याचा वाडा से कॅथेड्रलच्या चौकातच होता, आता त्याचा एक दगडही जागेवर नाही. जाळण्याच्या शिक्षा नदीकाठच्या सांव लाझाराच्या मैदानावर दिल्या जात. हात तोडल्याची आठवण लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे, आणि त्या दोन-अडीच शतकांची दहशत पाहता ती का राहिली हे समजते. पण अभ्यास करताना खांब नगरसत्तेचा आणि न्यायालय धर्मसत्तेचे, हा फरक ठेवा. खांबाचे दगड देवळातले आहेत, हे जवळ जाऊन पाहिले तर लक्षात येते. रहदारी सांभाळा.

*प्रश्न : एवढे मोठे शहर ओस का पडले? आणि पणजीत अर्धा दिवस उरला तर काय जोडावे?*
*— एक वाचक, वाळपई*

मुख्य कारण पाणी. जांभ्या जमिनीत सांडपाणी झिरपून विहिरींत उतरे, दाट वस्तीत ताप आणि पटकीच्या साथी पुन्हा पुन्हा येत. पटकीसाठी आपला 'मोडशी' हा शब्द पोर्तुगीजांनी याच काळात उचलला. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. त्यात डचांशी झगडताना व्यापार घटला, मांडवी गाळाने भरली. व्हाइसरॉय आधी पाणेलीला आणि १७५९ मध्ये पणजीला राहायला गेला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली आणि जुन्या इमारतींचे चिरे नव्या बांधकामासाठी नेले गेले.

म्हणून पणजीत पाहायचे ते जुन्या गोव्याचेच तुकडे. येताना बगलरस्ता न घेता रायबंदरमार्गे या. रायबंदर ते पाटो हा चिऱ्यांच्या कमानींचा लांबच लांब पूल व्हाइसरॉय कोंद दे लिन्यारेसने १६३३-३४ मध्ये बांधवला आणि आजही त्यावरून बस धावते. पुढे मांडवीकाठी आदिलशहाचा पणजीतला वाडा, म्हणजे जुने सचिवालय, बाहेरून निवांत पाहा. फोंतायन्यासमधल्या सेंट सेबास्तियनच्या चॅपेलमध्ये इन्क्विझिशनच्या वाड्यातला मोठा क्रूस आहे. आधी तो सचिवालयाच्या वाड्यात होता, १९१८ मध्ये इथे आला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. चॅपेल एरवी बंद असते, मिस्सेच्या वेळी गेलात तर आत जाता येते. आणि पायऱ्यांच्या प्रसिद्ध इगर्जीतली मोठी घंटा ऐका : ती सेंट ऑगस्टिनच्या त्या कोसळलेल्या मनोऱ्यातली, १८७१ मध्ये इथे चढवलेली.